अवघड, पण सरळ

अंगानं सडपातळ, कागद जरा जाडसर, मुखपृष्ठावर अर्धवट भरलेली एक चौकट आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एवढीच सूचना की हे पुस्तक नवशिक्यांसाठी नाही. स्वतःची ओळख करून द्यायला त्याला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत. आत मजकूर जवळजवळ नसतोच. पानामागून पान चौकटी, त्यांत इथे एक सात, तिथे एक दोन, आणि बाकीची घरं रिकामी. मुरलेल्या माणसांसाठी काढलेलं अंककोड्यांचं पुस्तक असं असतं. ते कमी बोलतं, मुद्द्याचं बोलतं आणि बोललेल्या शब्दाला जागतं.

इगतपुरीत त्याचं छान जमतं. जूनमध्ये पावसानं इथे एकदा ठाण मांडलं की गणपती होऊन जातात तरी तो हलायचं नाव घेत नाही. समोरचा डोंगर ढगात जातो, पत्र्यावर दिवसरात्र धो धो चालू असतं, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. अशा दुपारी खिडकीतल्या मळकट उजेडातही हे पुस्तक सोबत करतं. मात्र एक पथ्य आहे. इथली हवा कागदाला सोडत नाही. पान वर्तमानपत्राच्या जातीचं पातळ असेल तर श्रावणात ते इतकं सर्दावतं की पेन्सिलीचं टोक उमटण्याऐवजी रुततं आणि खोडरबर फिरवला की आकड्याबरोबर घराचा कोपराही निघून येतो. अवघड कोड्यात खोडाखोड तर होणारच. म्हणून इगतपुरीचा जाणकार असं पुस्तक हातात घेतो तेव्हा आतली कोडी बघण्याआधी पानाचा कोपरा चिमटीत धरून बघतो.

दुसरी गोष्ट बघायची ती घराचा आकार. सोप्या सुडोकूत घरात एकच आकडा लिहायचा असतो, त्यामुळे चौकट कितीही लहान चालते. अवघड कोड्यात प्रत्येक घरात आधी उमेदवार मांडावे लागतात. या घरात २, ५ किंवा ९ येऊ शकतो, त्या घरात ५ किंवा ९, असे बारीक आकडे कोपऱ्यांत लिहून ठेवायचे आणि एकेक करून खोडत जायचं. ज्या पुस्तकात पानाला चार-चार चौकटी कोंबल्या आहेत, ते कितीही अवघड असल्याचा दावा करो, त्याच्या प्रकाशकानं एकही अवघड कोडं स्वतः हातानं सोडवलेलं नसावं. पानाला एक, फार तर दोन चौकटी आणि कडेला टिपणासाठी मोकळी जागा असली की समजावं, हे पुस्तक सोडवणाऱ्याचा विचार करून बनवलं आहे.

आता त्याचा स्वभाव. ते अवघड असतं, पण अडवणूक करत नाही. या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात आणि पुस्तक निवडताना बहुतेकांची फसगत होते ती इथेच. अडवणूक करणारं पुस्तक तुम्हाला अशा जागी आणून सोडतं की पुढे जायला अंदाज लावण्यावाचून गत्यंतर नसतं. या घरात ४ धरून बघू, चुकलं तर परत येऊ, मग ९ धरून बघू. यात डोकं चालत नाही, नुसती पेन्सिल चालते. अवघड पुस्तकाचं तसं नसतं. त्याच्या प्रत्येक कोड्याला एकच उत्तर असतं आणि त्या उत्तराकडे जाणारी प्रत्येक पायरी कारण देऊन चढता येते. पायरी दिसायला दोन दिवस लागतील, पण ती तिथे आहे याची खात्री पुस्तक देतं. ही खात्री हाच त्याचा खरा गुण. ती असल्यामुळेच माणूस एका चौकटीपुढे तासभर बसतो आणि उठताना चिडलेला नसतो.

मुखपृष्ठावरच्या विशेषणांवरून या स्वभावाचा पत्ता लागत नाही. ‘एक्स्ट्रीम’, ‘डायबॉलिकल’, ‘जीनियस’ हे शब्द कोणीही छापू शकतो. दिलेल्या आकड्यांच्या संख्येवरूनही काही ठरत नाही. सुडोकूला एकच उत्तर यायचं तर किमान १७ आकडे द्यावेच लागतात. १६ आकड्यांत ते शक्य नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या चमूनं जानेवारी २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. पण १७ आकड्यांची हजारो कोडी आज जमा झाली आहेत आणि त्यांतली कित्येक चहा थंड व्हायच्या आत सुटतात. उलट फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इन्काला यांचं २०१२ मध्ये जगातलं सर्वांत अवघड म्हणून गाजलेलं कोडं २१ आकडे हातात देतं आणि तरी भल्याभल्यांना घाम फोडतं. रिकामी घरं जास्त म्हणून कोडं अवघड, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. त्या घरांमधलं नातं किती खोल दडवलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

इगतपुरीच्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. थळ घाटातून कसाऱ्याहून इगतपुरीला येणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. आजही वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिनं जोडतात, ती गाडीला घाटभर ढकलत आणतात आणि इगतपुरीला सुटी होतात. इथून पुढे गाडी आपल्या इंजिनावर जाते. नवशिक्यांच्या पुस्तकात असे बँकर भरपूर असतात: सढळ हातानं दिलेले आकडे, पानाखालच्या सूचना, दर दहा कोड्यांनंतरचा उजळणीचा तक्ता. अनुभवी माणसाचं पुस्तक इगतपुरीपासून सुरू होतं. तुमचा घाट चढून झाला आहे असं ते गृहीत धरतं आणि मागून ढकलायला कोणी ठेवत नाही.

त्याचं घराणं फार जुनं नाही, पण चारी दिशांना पसरलेलं आहे. अमेरिकेत इंडियानाचे निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेलं ‘नंबर प्लेस’ मे १९७९ मध्ये डेल कंपनीच्या मासिकात आलं. ज्या अंकात हे कोडं असे, त्या अंकाच्या लेखकांच्या यादीत गार्न्स यांचं नाव असे, आणि ज्यात नसे त्यात नसे; पुढे यावरूनच कर्ता सापडला. १९८४ मध्ये ते जपानच्या निकोली या प्रकाशनाकडे गेलं. तिथे माकी काजी यांनी त्याला सुडोकू हे नाव दिलं. निकोलीनं १९८६ मध्ये दोन नियम घातले: दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त असू नयेत आणि त्यांची मांडणी सममित असावी. या नियमांमुळे कोड्याला रूप आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निकोलीची माणसं कोडी हातानं रचत राहिली. हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांना १९९७ मध्ये टोकियोच्या पुस्तकांच्या दुकानात असं एक कोडं दिसलं. सहा वर्षं खपून त्यांनी कोडी तयार करणारी संगणक-प्रणाली लिहिली आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये सुडोकू छापून आलं. तिथून ते जगभर पसरलं आणि आपल्या मराठी दैनिकांतही रुळलं.

पुस्तक निवडताना या इतिहासाचा थेट उपयोग होतो. संगणकानं रचलेलं आणि हातानं रचलेलं, अशा दोन्ही जातींची अवघड पुस्तकं मिळतात. ‘द टाइम्स’ची ‘सुपर फिएंडिश’ मालिका पहिल्या जातीची. तिची काठिण्यपातळी पक्की असते आणि सराव भरपूर होतो. निकोलीची पुस्तकं किंवा अमेरिकेच्या थॉमस स्नायडर यांचं ‘द आर्ट ऑफ सुडोकू’ दुसऱ्या जातीचं. हातानं रचलेल्या कोड्यात रचणाऱ्याचं मन कळतं. मधल्या चौकटीत मुद्दाम ठेवलेली पोकळी, डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन उजव्या कोपऱ्यात फुटणारा पेच, सगळं अडलेलं असताना अचानक एकाच आकड्यानं उघडणारी अख्खी ओळ. दोन-चार कोडी सोडवली की आपण कोणाशी तरी बोलतो आहोत असं वाटू लागतं. संगणकाच्या पुस्तकानं हात तयार होतो. हातानं रचलेल्या पुस्तकानं चव तयार होते. दोन्ही घरात असावीत, पण एकच घ्यायचं असेल तर मी दुसरं घेईन.

सुडोकू या घराण्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव असलं, तरी मुरलेल्या माणसाला त्याची भावंडं अधिक आवडतात. काकुरोत शब्दकोड्यासारखी चौकट असते आणि अक्षरांऐवजी बेरजा जुळवायच्या असतात. जपानी गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या केनकेनमध्ये चारही क्रिया येतात. आणि किलर सुडोकू तर सुरुवातीला बहुधा एकही आकडा देत नाही. नुसत्या तुटक रेषांच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात तिची बेरीज.

किलरची एक चौकट जवळून बघू. तीन गुणिले तीनच्या चौकटीत १ ते ९ एकेकदा येतात, म्हणजे बेरीज ४५. समजा या चौकटीत तीन खोल्या पूर्णपणे मावल्या आहेत: दोन घरांची १७, तीन घरांची ६ आणि तीन घरांची १५. घरं झाली आठ, बेरीज झाली ३८. नववं घर शेजारच्या चौकटीतल्या कुठल्याशा खोलीचा भाग आहे, पण त्यातला आकडा आता लपू शकत नाही. ४५ वजा ३८, म्हणजे ७. आणखी पुढे जाऊ. दोन वेगळ्या आकड्यांनी १७ करायचे तर ८ आणि ९ लागतात. तिघांनी ६ करायचे तर १, २, ३. उरले ४, ५, ६, त्यांची बेरीज १५, म्हणजे तिसरी खोलीही पक्की. एकही आकडा दिलेला नसताना नऊ आकड्यांची वाटणी झाली. कोणता नेमका कुठे, हे अजून ठरायचं आहे आणि ते शेजारच्या चौकटी ठरवतील. काकुरो आणि किलर मनापासून सोडवणाऱ्यांना अशा जोड्या पाढ्यांसारख्या पाठ असतात. दोन घरांत ३, ४, १६, १७. तीन घरांत ६, ७, २३, २४. या बेरजांना एकेकच फोड आहे. चांगलं पुस्तक या फोडींवर पहिली काही कोडी उरकून टाकतं आणि मग त्या पुरेनाशा होतील अशा जागी तुम्हाला नेतं.

संख्यांकडे असं टक लावून बघत बसण्याची परंपरा आपल्या या पट्ट्यात बाहेरून आलेली नाही. इगतपुरीहून नाशिककडे निघालं की घोटी, पाडळी, अस्वली, लहवित अशी स्टेशनं मागे टाकत गाडी देवळालीला येते. तिथल्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. विद्यापीठाची खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर संख्यांचा शोध घेतला आणि छोट्या पुस्तिका स्वतःच छापल्या. रेल्वे त्यांच्या गणितातही आली आहे. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या जागेच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या म्हटलं. स्वतःत आपल्या अंकांची बेरीज मिळवून दुसरी कोणतीही संख्या ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, अशा संख्यांना देवळाली संख्या असंही नाव पडलं. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणून २१ ला जनक आहे. २० ला मात्र कोणी नाही. एकेक संख्या घेऊन बघा, २० येत नाही.

कापरेकरांचं नाव जगभर गेलं ते ६१७४ मुळे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. थळ घाटाचं वर्ष घेऊन बघू, १८६५. अंक उतरत्या क्रमानं लावले की ८६५१, चढत्या क्रमानं १५६८. वजाबाकी ७०८३. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही करा, ७६४१ मधून १४६७ वजा होतात आणि ६१७४ च येत राहतात. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ती इथेच येऊन थांबते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे गुरुजी जगाला माहीत झाले.

सुडोकूचे जनक हॉवर्ड गार्न्स हेही १९०५ सालचेच. एक इंडियानात, एक देवळालीत, एकमेकांचं नाव बहुधा न ऐकलेली ही दोन माणसं एकाच गोष्टीच्या मागे होती: नेहमीचे अंक, शाळकरी मुलाला कळतील एवढे नियम आणि त्यातून उभी राहणारी अशी रचना की विद्वानही थबकावा. मला हव्या असलेल्या पुस्तकाची कसोटी नेमकी हीच आहे. नियम दोन ओळींत मावले पाहिजेत आणि खोली तळ लागू न देणारी असली पाहिजे. नियमच दीड पान चालत असतील, तर अवघडपणा कोड्यात नाही, सूचनांत आहे.

चांगलं पुस्तक आणि तोतया यांतला फरक ऐकून नीट कळत नाही, तो कोड्यावर दाखवावा लागतो. मी तो एकदा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बघितला. १९७५ पासून ही गाडी मनमाड-नाशिकच्या नोकरदारांना मुंबईला नेते-आणते, आणि तिच्या पासधारकांत कोडी सोडवणाऱ्यांचा एक मुरलेला वर्ग आहे. इगतपुरीला घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची तपासणी व्हायची म्हणून गाडी उभी होती. समोरच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलीनं शेजारच्या गृहस्थांपुढे पुस्तक धरलं.

“काका, तुम्ही रोज सोडवता ना? हे बघा की जरा. इथे अंदाजच लावावा लागतोय.”

“अंदाज लावायची वेळ पुस्तकानं आणली की आपल्याला वाट दिसत नाही, ते आधी बघू. दुसऱ्या ओळीत पाच कुठे कुठे बसेल?”

“तिसऱ्या घरात, नाहीतर सातव्या.”

“आणि आठव्या ओळीत?”

“तिथेही तिसऱ्या नाहीतर सातव्याच.”

“मग एका ओळीतला पाच तिसऱ्यात गेला तर दुसरीतला सातव्यातच जाणार. कसेही बसोत, तिसऱ्या आणि सातव्या उभ्या रकान्याचे पाच या दोन ओळींनी घेऊन टाकले. त्या रकान्यांतल्या बाकी सगळ्या घरांतून पाच खोड बरं.”

तिनं खोडले. एका घरात दोन उमेदवार होते, त्यातला एक गेला. मग पुढची सहा-सात घरं तिनं न थांबता भरली. या युक्तीला जगभरचे सोडवणारे एक्स-विंग म्हणतात. कोडं अवघड होतं आणि सरळ होतं. काकांनी मग तिच्याच पिशवीतलं दुसरं, जाडजूड पुस्तक मागून घेतलं आणि तिनं जवळजवळ पुरं केलेल्या एका कोड्यावर बोट ठेवलं. दोन ओळी, दोन रकाने आणि दोनच चौकटी यांच्यात विभागलेली चार घरं उरली होती. चारही घरांत ४ किंवा ९.

“यात मी कुठे चुकले?” तिनं विचारलं.

“तू नाही चुकलीस. हे चार आणि नऊ एकमेकांच्या जागी टाक, तरी सगळे नियम पाळले जातात. म्हणजे या कोड्याला दोन उत्तरं आहेत. ज्यानं हे छापलं त्यानं तपासलंच नाही, अगं. असं एक सापडलं की त्या पुस्तकावरचा माझा विश्वास उडतो. पुढची नऊशे कोडी फुकट दिली तरी नको.”

एवढ्या दोन पानांत पुस्तक निवडण्याचं बहुतेक शास्त्र आलं. दोन उत्तरांचं कोडं छापणं हा या व्यवहारातला विश्वासघात आहे. एक हजार कोड्यांचा गठ्ठा स्वस्तात मिळतो तेव्हा तो कोणी नीट तपासला असण्याची शक्यता कमीच. शंभर-सव्वाशे कोड्यांचं, कर्त्याचं नाव छापलेलं पुस्तक महाग वाटलं तरी महिनोन् महिने पुरतं. दुकानात उभ्या उभ्या आणखी एक परीक्षा घेता येते. पहिलं कोडं बघू नका, ते नेहमीच मवाळ असतं. मधलं एखादं उघडा आणि पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी पहिला आकडा शोधा. लगेच तीन-चार सापडले तर पुस्तक तुमच्यासाठी नाही. एकही सापडला नाही, पण दोन-तीन जागी काहीतरी शिजतंय असं जाणवलं, तर ते घरी न्या. मग शेवटची पानं बघा. नुसती भरलेली चौकट हे अनुभवी माणसासाठी अपुरं उत्तर आहे. अडलेल्याला उत्तर नको असतं, वाट हवी असते. निदान काही कोड्यांची वाट पायरीपायरीनं उलगडून दाखवलेली असेल, तर कर्त्यानं त्या कोड्यावर मेहनत घेतली आहे असं समजावं.

हे पुस्तक कोणाशी कसं वागतं, तेही सांगायला हवं. पेन घेऊन बसणाऱ्या उतावळ्याला ते पहिल्याच पानावर ताळ्यावर आणतं. घाईत भरलेला एक चुकीचा आकडा ते लगेच दाखवत नाही. चाळीस घरं भरून झाल्यावर एका ओळीत दोन आठ समोर आणतं आणि सगळं मुळापासून खोडायला लावतं. मोबाइलवरचं ॲप चुकीचा आकडा तिथल्या तिथे लाल करून दाखवतं, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण त्यामुळे आपल्या प्रत्येक पावलाची खातरजमा आपणच करण्याची सवय मोडते. कागदाचं पुस्तक ती सवय लावतं. स्वतःला पटेपर्यंत लिहायचं नाही, आणि लिहिलं की का लिहिलं ते सांगता आलं पाहिजे. हिशेब तपासणाऱ्याला, आजाराचं निदान करणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला, सगळ्यांनाच ही शिस्त लागते. ती इतक्या स्वस्तात आणि इतक्या आनंदानं शिकवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

इगतपुरीत शांततेसाठी लांबलांबून माणसं येतात. टेकडीवरच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात आणि दहा दिवस साधकाला वाचायला-लिहायला काहीही जवळ ठेवता येत नाही. तिथे या पुस्तकाला प्रवेश नाही आणि तो नसावा हेच योग्य. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. तिथे मनातली हालचाल नुसती बघायची असते, इथे मनाला एकाच कामाला जुंपायचं असतं. पुस्तकानं ध्यानाची जागा घेतल्याचा आव आणू नये. दिवसभराच्या फुटकळ विचारांना तासभर बाजूला बसवण्याचं काम मात्र ते चोख करतं.

त्याला मैदानही गाजवता येतं. सुडोकूची जागतिक स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का इथे सुरू झाली आणि २००८ मध्ये ती आपल्या गोव्यात भरली. ती जिंकली थॉमस स्नायडर यांनीच, ज्यांच्या पुस्तकाचं नाव वर आलं आहे. स्पर्धेत घड्याळ असतं आणि मिनिटांवर विजय ठरतो. पण ज्यानं मिनिटांशी झुंज जिंकली, त्यानंच पुढे सावकाश चाखण्याची कोडी हातानं रचावीत, यातून या पुस्तकाची खरी ओढ कळते. वेग हा त्याचा एक गुण आहे. त्याचा जीव मात्र रचनेत आहे.

आता जे मनापासून हवं आहे ते. वर उल्लेख केलेली चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत किंवा जपानी आहेत. आकड्यांना भाषा लागत नाही हे खरं, पण वाट समजावून सांगायला लागते. पंचवटीतल्या काकांनी दोन ओळी, दोन रकाने आणि एक पाच घेऊन जे मराठीत चार वाक्यांत सांगितलं, ते छापून हातात मिळायला हवं. मराठी प्रकाशकांनी असं एक पुस्तक काढावं: शंभरच कोडी, हातानं रचलेली, प्रत्येक कोडं दोन वेगळ्या माणसांनी सोडवून तपासलेलं, पानाला एक चौकट, पावसाळा सोसेल असा कागद आणि मागे प्रत्येक पेचाची उकल साध्या मराठीत. रचणारी माणसं आपल्याकडे आहेत. गाडीच्या डब्यांत, शाळांच्या शिक्षकखोल्यांत, निवृत्तीनंतरच्या ओसऱ्यांवर ती रोज पेन्सिल घेऊन बसलेली असतात. ज्या पट्ट्यात एका शाळामास्तरानं स्वतःच्या पैशानं पुस्तिका छापून संख्यांचं जग दाखवलं, तिथून हे पुस्तक निघणं अगदी रास्त आहे. किंमत थोडी जास्त असली तरी चालेल. मी त्याच्या दोन प्रती घेईन, एक सोडवायला आणि एक कोरी, मागेल त्याला द्यायला.